दादाची सही

प्रिय ताई,

मी २४ वर्षांची. धायरीला राहते. कॉम्प्युटरमध्ये बी.ई. केलंय आणि दीड वर्षापासून हिंजवडीत नोकरी करतेय, हातात ३८ हजार येतात. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात डेटा सायन्सच्या एक वर्षाच्या एम.एस्सी.ला मला सप्टेंबरची अॅडमिशन मिळाली आहे. शहर लंडन नाही, उत्तरेकडचं आहे. फी, राहणं, तिकीट सगळं धरून ३५ लाखांचं कर्ज लागेल. बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत. पण ते व्हीआरएस घेऊन घरी आहेत, म्हणून बँकेने दादाला सहकर्जदार करा असं सांगितलं. त्याच्याकडे सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागितला तर तो भडकला. "घर गहाण टाकायचं ठरलं तेव्हा मला विचारलं नाहीत, आता सहीपुरता बरा आठवलो," म्हणाला. बाबांच्या व्हीआरएसनंतर घराच्या कर्जाचे शेवटच्या चार वर्षांचे हप्ते दादानेच भरलेत. वहिनी आता माझ्याशी कामापुरतंच बोलते. आई म्हणते, मनावर घेऊ नकोस, त्याला तुझं कौतुक बघवत नाही. बाबांनी सोसायटीत पेढेही वाटून टाकलेत. कन्सल्टन्सीतली मॅडम म्हणते, पार्टटाइम केलं की वर्षभरात बरंचसं फिटतं. सोमवारी बँकेत कागद द्यायचेत. मी स्वार्थी आहे का? दादाला कसं समजावू?

– एक वाचक, धायरी

*

अगं, सगळ्यात आधी आईचं ते वाक्य डोक्यातून काढून टाक. ज्याने चार वर्षं घराचे हप्ते भरले आणि त्याबद्दल एकदाही बोलून दाखवलं नाही (दाखवलं असतं तर तू लिहिलंच असतंस), त्याला बहिणीचं कौतुक बघवत नाही हे मला पटत नाही. आई तुला बरं वाटावं म्हणून बोलली. पण अशी वाक्यं घरात मुरतात आणि दहा वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात बाहेर पडतात.

तू स्वार्थी नाहीस. चोवीसाव्या वर्षी बाहेर जाऊन शिकावंसं वाटणं यात स्वार्थ कसला? या प्रश्नावर मी याहून जास्त शाई घालवणार नाही, कारण पत्रातला खरा प्रश्न हा नाहीच. खरा प्रश्न दादाने विचारलाय, आणि तुमच्यापैकी कुणी त्याला उत्तर दिलेलं नाही. गणित फसलं तर हप्ते कोण भरणार?

सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. तू तिकडे आजारी पडलीस, नोकरी लागायला वर्ष गेलं, काहीही झालं, तरी बँक पहिला फोन दादाला करणार. हप्ता चुकला तर त्याचा सिबिल स्कोअर, म्हणजे बँका बघतात ती कर्जफेडीची पत, खाली येणार. आणि एकही हप्ता चुकला नाही तरी हे ३५ लाख त्याच्या नावावर दिसत राहणार. उद्या तो स्वतःच्या घरासाठी बँकेत गेला तर हे कर्ज वजा करूनच त्याची पात्रता काढतील. ती दोघं आपल्या खोलीचं दार लावून नऱ्हे-आंबेगावातल्या स्कीमची ब्रोशर बघत असतील की नाही, मला माहीत नाही. तुला माहीत आहे का? वहिनी कामापुरतं बोलते त्यामागे हे असू शकतं. तिला तर कुणी विचारायचा प्रश्नच आला नसेल. सुनेला कोण विचारतं!

आता कुणीतरी काका पुढे येऊन सांगतील की फ्लॅट बाबांच्या स्वकमाईचा आहे, त्यांच्या हयातीत मुलाचा त्यावर हक्क नाही. कायद्याने ते बरोबर आहे. पण हा मुद्दा घरात कुणी काढू लागलं तर तू तिथल्या तिथे थांबव. चार वर्षांचे हप्ते ज्याच्या पगारातून गेले त्याला सात-बारा दाखवून गप्प करायचं नसतं.

तेव्हा "दादाला कसं समजावू" हे जरा बाजूला ठेव आणि आधी तू समजून घे. वही काढ. ३५ लाख, समजा साडेदहा टक्क्यांनी. सगळी रक्कम उचलली की नुसतं व्याज महिन्याला तीस हजारांच्या वर जातं. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो हे खरं, पण व्याजाचं मीटर पहिला पैसा उचलला त्या दिवशी सुरू होतं. कोर्स आणि त्यापुढची साधारण सहा महिन्यांची सवलत संपेपर्यंत व्याज भरलं नाही, तर ते मुद्दलात जाऊन बसतं. मग दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता पन्नास ते पंचावन्न हजारांच्या घरात येतो. आज तुझ्या हातात ३८ येतात.

त्या मॅडमचं "पार्टटाइममध्ये फिटतं" हेही वहीतच तपासू. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. २१ वर्षांवरच्यांसाठी तिथलं किमान वेतन एप्रिल २०२६ पासून ताशी १२.७१ पाउंड आहे. म्हणजे वीसच्या वीस तास मिळाले, एकही आठवडा रिकामा गेला नाही, तर महिन्याला अकराशे पाउंड. आणि लंडनबाहेर राहायला महिन्याला किती लागतात असं खुद्द ब्रिटिश सरकार मानतं? ११७१ पाउंड. व्हिसाच्या वेळी नऊ महिन्यांचे एवढे पैसे दाखवावे लागतात ते याच हिशेबाने. थोडक्यात, सगळं सुरळीत झालं तरी पार्टटाइममध्ये तुझी खोली आणि डाळतांदूळ निघेल, तेही काठावर. फीचा एक पाउंडसुद्धा त्यातून निघणार नाही. उन्हाळ्यात पूर्णवेळ काम मिळू शकतं म्हणतात, पण मास्टर्सवाल्यांचा तो काळ बहुधा डिझर्टेशनचा, म्हणजे प्रबंधाचा असतो आणि अनेक विद्यापीठांत तो टर्ममध्येच धरतात. हे त्या मॅडमना माहीत नसेल असं मला वाटत नाही. जंगली महाराज रोडला, फर्ग्युसन रोडला भिंतीवर बिग बेन चिकटवलेली ही जी ऑफिसं आहेत, त्यातली बरीचशी तुमच्याकडून फी घेत नाहीत, कारण त्यांना कमिशन विद्यापीठ देतं. तो त्यांचा धंदा आहे, चोरी नाही. पण तुला किती कर्ज झेपेल हे सांगणं त्यांच्या कामात बसत नाही.

पुढचं व्हिसाचं. कोर्स झाल्यावर नोकरी शोधायला जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो तो आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिन्यांचाच मिळणार आहे. तू या सप्टेंबरला गेलीस तर तू त्यातच येतेस. त्यानंतर राहायचं असेल तर स्पॉन्सर करणारी कंपनी हवी आणि तुझ्यासारख्या नवख्यांनाही साधारणपणे वर्षाला किमान ३३,४०० पाउंड पगार हवा. अशा नोकऱ्या लागतच नाहीत असं नाही, लागतात. पण घर तारण ठेवताना "लागतात" एवढ्यावर भागत नाही.

म्हणून माझा एकच निकष आहे. समजा अठरा महिने झाले, तिथे काही जमलं नाही, तू परत आलीस आणि हिंजवडीत किंवा खराडीत ७० हजारांची नोकरी धरलीस. पन्नासचा हप्ता देऊन तू जगू शकशील? धायरीत आईबाबांकडे राहून कदाचित हो. लग्न करून वेगळं राहायचं झालं तर? याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर जा, मी आडवी येणार नाही. उत्तर जर "मग दादा बघेल" किंवा "मग घर आहेच" असं असेल, तर या वर्षी, या कर्जावर जाऊ नकोस.

मी ठामपणे लिहितेय, पण "परदेशी जाऊ नकोस" असं मी म्हणतेय असं तुला वाटायला नको. मुलगी शिकायला निघाली की पुण्यात कुणीतरी आनंदीबाई जोशींचं नाव घेतंच. मला तुझ्या पत्रावरून इरावतीबाई कर्वे आठवल्या. त्या १९२८ साली पीएच.डी.साठी बर्लिनला निघाल्या तेव्हा ते पसंत नव्हतं कुणाला, तर सासऱ्यांना. म्हणजे साक्षात महर्षी कर्व्यांना, ज्यांनी उभा जन्म बायकांच्या शिक्षणात घातला! नवरा पाठीशी उभा राहिला आणि त्या गेल्या. विरोध करणारा शिक्षणाच्याच विरोधात असतो असं नाही, एवढंच मला म्हणायचंय.

मग या वर्षी काय करायचं? पहिली गोष्ट, आजच विद्यापीठाला मेल टाक आणि अॅडमिशन एक वर्ष पुढे ढकलता येईल का, भरलेलं डिपॉझिट पुढच्या वर्षी धरतील का, हे विचार. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं हे करतात. हा मेल कन्सल्टन्सीमार्फत नको, तू स्वतः लिही आणि उत्तर लेखी घे.

दुसरी, बँकेत विचार की तुमच्या विनातारण कर्जाच्या यादीत हे विद्यापीठ आहे का. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात, पण काही बँका निवडक विद्यापीठांसाठी घराशिवाय मोठं कर्ज देतात. तुझं विद्यापीठ त्या यादीत नसेल, तर बँकेने त्याबद्दलचं आपलं मत न बोलता सांगितलंय असं समज. खासगी वित्तसंस्था देतील विनातारण, पण व्याज चढं असतं आणि सही तिथेही दादाचीच मागतील.

आणि वर्ष मिळालं तर ते वाया घालवू नकोस. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची पूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती आहे, तिला २८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो. तुझं दीड वर्ष झालंय, त्याचे तास मोजून बघ. मिळणं अवघड आहे, आणि मिळाली तर कोर्सनंतर दोन वर्षं भारतात राहायची अट आहे, पण अर्जाला पैसे पडत नाहीत. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतंय, तेही बघ. जर्मनीचाही विचार कर. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, पण ते तुझेच असतात आणि महिन्याला तुलाच खर्चाला परत मिळतात. इथल्या पदवीची कागदपत्रं तपासून देतात ते एपीएस सर्टिफिकेट लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून लवकर सुरुवात करायची. इंग्रजीतून मास्टर्स करता येतं, पण जर्मन न शिकता नोकरी शोधायला गेलेल्यांची पत्रंही मला येतात, ती वाचवत नाहीत. जर्मन शिकायला रानडे इन्स्टिट्यूट आहे, बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे. जायचंच ठरलं तर जर्मनची बी-१ पातळी होईपर्यंत सुटकेस काढू नकोस.

आता दादा. त्याला आई-बाबांसमोर गाठू नकोस, तिथे तो पुन्हा फक्त मुलगा होईल आणि तू धाकटी. रविवारी सकाळी दोघं खडकवासल्याला जा, नाहीतर धायरी फाट्यावरच्या अमृततुल्यात बसा. वही बरोबर ने. सुरुवात फीपासून करू नकोस, हप्त्यांपासून कर. "चार वर्षं तू घर सांभाळलंस आणि घराचा निर्णय घेताना आम्ही तुला विचारलं नाही. हे चुकलं." एवढं बोल आणि थांब. "पण बाबाच म्हणाले" हे शेपूट जोडू नकोस. तो कदाचित अर्धा तास बोलेल. कदाचित नुसता चहा पिऊन उठेल. दोन्ही चालेल. मग त्याला सरळ विचार, किती रकमेपर्यंत सही करायला तुला भीती वाटणार नाही? तो दहा लाख म्हणाला तर दहा लाखांत काय बसतं ते शोधायचं. शून्य म्हणाला तर शून्य, त्यावर रडायचं नाही. संध्याकाळी वहिनीलाही तीच वही दाखव, आणि तिच्यासमोर दादाला मध्ये घेऊ नकोस.

बाबांशी तुझं तूच बोलायचं आहे, आणि मला वाटतं हे सगळ्यात अवघड जाईल. व्हीआरएस घेतलेल्या माणसाला मुलीसाठी शेवटचं काहीतरी मोठं करून दाखवायचंय. त्यांना नाही म्हणताना तुझा पाय अडखळेल. "बाबा, मला जायचंय, पण घर नको" असं म्हण. पेढ्यांचं मनावर घेऊ नका म्हणावं. सोसायटीला पुढच्या आठवड्यात पाण्याच्या टँकरचा विषय मिळेल.

यातलं काहीही सोमवारच्या आत नीट होणार नाही. म्हणून बँकेतल्या साहेबांना उद्याच फोन करून सांग की सोमवारी येत नाही, पंधरा दिवसांनी कळवते. ते ऐकतात, त्यांना सवय असते. आणि दादाची सॅलरी स्लिप नि फॉर्म १६ तुझ्या मेलवर आले असतील, तर त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नकोस.

– ताई