सभेचा ठराव राहू द्या, १२७ ची नोटीस दिलीत का?

तुमचा मेल वाचला आणि कपाळाला हात लावला, कारण गट नंबर बदलला की हाच मेल मला महिन्यातनं दोन-तीनदा येतो. वडिलांच्या नावची १४ गुंठे जागा, महापालिकेच्या डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, बगीच्याचं आरक्षण, डीपी अमलात आला २००३ ला, तेव्हापासून महापालिकेनं ना मोबदला दिला ना एक झाड लावलं. २०१९ ला सर्वसाधारण सभेत आरक्षण वगळायचा ठराव झाला, नगरसेवक म्हणाले "काम झालं", तुम्ही निवांत झालात. २०२१ ला आयुक्तांच्या नावे एक 'विनंती अर्ज' दिलात. आणि आता सुधारित डीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात तुमच्या गटावर परत तोच हिरवा ठिपका. तुम्ही विचारताय की हरकत कशी लिहू, टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेऊ का, आणि तोवर पत्र्याचं शेड टाकून भाड्यानं दिलं तर चालेल का.

तिन्हीची उत्तरं देतो, पण शेवटी. आधी मला हे सांगा की एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना, कायद्याच्या कलम १२७ खालची नोटीस दिलीत का? सबंध मेलमध्ये १२७ हा आकडा एकदाही नाही, म्हणजे दिलेली नाही असंच धरून चालतो.

कलम तसं सरळ आहे. अंतिम डीपी अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा समझोत्यानं घेतली नाही, किंवा कलम १२६ खालची भूसंपादनाची घोषणा राजपत्रात आली नाही, तर मालकानं नोटीस द्यायची, सोबत मालकीची कागदपत्रं जोडायची. नोटीस पोचल्यापासून चोवीस महिन्यांत त्यांनी जागा संपादित केली नाही किंवा त्यासाठीची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि शेजारच्या जागेत जे बांधता येतं ते तुम्हालाही बांधता येतं. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ च्या दुरुस्तीनं चोवीस झाली. तुमची दहा वर्षं २०१३ लाच भरली होती, तेव्हा नोटीस दिली असतीत तर बारा महिन्यांत सोक्षमोक्ष लागला असता. तुम्ही काय केलंत, तर सभेतल्या ठरावाची वाट बघितलीत. रागावू नका, पण हे बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

त्या ठरावाचं काय ते एकदाच सांगतो. मंजूर डीपीतलं आरक्षण सर्वसाधारण सभा उठवू शकत नाही, तिला तो अधिकारच नाही. सभा फार तर कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव करते, मग जाहीर सूचना काढायची, हरकती घ्यायच्या, सुनावणी, आणि मग प्रस्ताव शासनाकडे. शासनानं मंजूर करून राजपत्रात आणेपर्यंत आरक्षण जागच्या जागी असतं. तुमच्या ठरावानंतर जाहीर सूचना तरी निघाली का, प्रस्ताव मंत्रालयात गेला का, हे तुम्ही विचारलंतच नाही. माझा अंदाज असा की तो नगररचना विभागाच्या कपाटात असेल. त्यात २०२२ नंतर बराच काळ बहुतेक महापालिकांत निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासक होते, त्यामुळे तो ठराव करणारे आणि तुम्हाला "काम झालं" म्हणणारे दोघंही घरी बसले होते.

आता खरी घाई कशाची ते. तुमचं लक्ष हरकतीच्या तीस दिवसांकडे आहे, माझं लक्ष सुधारित डीपी शासनाकडून अंतिम मंजूर होऊन अमलात येतो कधी याच्याकडे आहे. सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, तुमच्या वकिलाला 'प्रफुल्ल दवे' एवढं म्हटलं तरी कळेल. त्याचं सार असं की जुन्या डीपीखाली दहा वर्षं भरली, नोटीस द्यायचा हक्क तयार झाला, पण मालकानं तो वापरलाच नाही आणि मधे सुधारित डीपी अंतिम झाला, तर जुना हक्क गेला आणि नव्या डीपीपासून दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे परत दहा वर्षं थांबा, त्यावर चोवीस महिने, एकूण बारा वर्षं, आणि त्यानंतर हायकोर्टात जे जातील ते वेगळेच. तुमचं वय मेलमध्ये लिहिलंय तुम्ही, म्हणून जास्त बोलत नाही.

दुसऱ्या बाजूनं चांगली गोष्ट अशी की नुसता मसुदा प्रसिद्ध झाल्यानं हक्क जात नाही. भावनगर युनिव्हर्सिटीच्या २००३ च्या केसमध्ये गुजरातच्या अशाच कलमावर सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की डीपी सुधारायची प्रक्रिया सुरू आहे एवढ्यावर मालकाच्या नोटिशीचा परिणाम पुसला जात नाही. तुम्ही आत्ता या दोन निकालांच्या मधल्या फटीत उभे आहात, आणि ही फट कधी बंद होईल ते मला सांगता येणार नाही. सुधारित आराखडे शासनाकडे वर्षानुवर्षं पडून असतात आणि मग एक दिवस आचारसंहितेच्या तोंडावर अधिसूचना निघते. म्हणून नोटीस या आठवड्यात.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहितीये, आज नोटीस दिली आणि चोवीस महिने पुरे व्हायच्या आत सुधारित डीपी मंजूर झाला तर? तर भांडावं लागेल. हक्क वेळेत वापरला होता असं आपण म्हणू, महापालिका म्हणेल नव्या आरक्षणाला नवी दहा वर्षं. मला आपली बाजू बरी वाटते, पण छातीठोक सांगणार नाही. मात्र आज नोटीस दिलीच नाही तर भांडायलाही काही उरत नाही.

२०२१ च्या 'विनंती अर्जा'ला नोटीस म्हणता येईल का, हेही बघितलं. कलमाचा आकडा चुकला किंवा राहिला म्हणून कोर्ट नोटीस फेकून देतं असं नाही, मजकूर बघतं. पण तुमच्या अर्जात मजकूर काय, तर "मी गरीब शेतकरी असून आरक्षण उठवण्याची कृपा करावी". दहा वर्षं झाली, तुम्ही जागा घेतली नाही, आता घ्या नाहीतर सोडा, हे कुठंच नाही, आणि सोबत सातबारासुद्धा नाही. त्याच्यावर केस उभी करायची माझी तयारी नाही. उद्या पिटिशन झालंच तर एखादा परिच्छेद त्याच्यावर टाकू, त्याच्या भरवशावर बसू नका.

नोटीस एका पानाची पुरे. गट नंबर, क्षेत्र, आरक्षण क्रमांक, डीपी अमलात आल्याची तारीख, दहा वर्षं उलटली, समझोत्यानं संपादन नाही, १२६ ची घोषणा नाही, म्हणून कलम १२७ खाली ही नोटीस. 'कृपा', 'विनंती', 'नम्र' हे शब्द नकोत. तारीख मात्र नीट बघा. ती मंजुरीच्या अधिसूचनेत असते आणि मसुद्याच्या तारखेशी तिचा संबंध नाही. शिवाय काही आरक्षणं वगळलेल्या भागात जातात, म्हणजे ज्याला सगळे ईपी म्हणतात, आणि ती मागाहून वेगळी मंजूर होतात, तसं असेल तर दहा वर्षं त्या मागाहूनच्या तारखेपासून मोजावी लागतील. तुमच्या बाबतीत २०१३ आणि आज यात इतकं अंतर आहे की बहुधा फरक पडणार नाही, तरी बघा, कारण दहा वर्षं भरायच्या आधी दिलेली नोटीस कुचकामी ठरते.

कागदपत्रांपाशी तुमचं दुसरं दुखणं आहे. वडील जाऊन सहा वर्षं झाली आणि सातबारावर अजून त्यांचंच नाव! वारस नोंद का केली नाहीत? तलाठ्याकडे अर्ज करायला काय सहा वर्षं लागतात? कायदा 'मालक किंवा हितसंबंध असलेली व्यक्ती' म्हणतो, त्यामुळे वारस म्हणून नोटीस देता येते असं मला वाटतं, पण महापालिकेचा वकील पहिलं बोट इथंच ठेवणार, की मालकीची कागदपत्रं जोडली नाहीत म्हणून नोटीसच नाही. तेव्हा आईच्या, भावाच्या आणि दोन्ही बहिणींच्या सह्या घ्या, मृत्यू दाखला, सातबारा, जुने फेरफार, भाग नकाशा आणि झोन दाखला जोडा, वारस नोंदीचा अर्ज आजच टाका आणि त्याची पोच पण जोडा. नोंद पूर्ण व्हायची वाट बघत नोटीस अडवू नका. नोंद झाली की नव्या सातबारासह पुरवणी पत्र देता येतं. बहिणी सही करणार नाहीत असं तुम्ही सूचित केलंय, तर त्यांच्याशी बोला, जागा सुटली तर हिस्सा त्यांनाही आहे हे लपवून सही मिळत नसते.

नोटीस नगररचनाच्या ओळखीच्या इंजिनियरच्या टेबलावर ठेवून येऊ नका, आयुक्तांच्या नावे द्या, आवकचा शिक्का आणि नंबर आपल्या प्रतीवर घ्या, शिवाय एक प्रत स्पीड पोस्टानं पोचपावतीसह. बगीच्याचं आरक्षण असल्यामुळे समुचित प्राधिकरण, म्हणजे ज्याच्यासाठी जागा राखली ती संस्था, महापालिकाच असेल, तरी डीपीच्या अहवालात बघून घ्या, कारण शाळा, पोलीस ठाणं, एसटी स्टँड असल्या आरक्षणांत ते वेगळं खातं असू शकतं आणि मग त्यांनाही प्रत द्यावी लागते. भूसंपादनाचा प्रस्ताव कलेक्टरकडे कधी गेला होता का हे माहिती अधिकारात विचारा, पण नोटीस आधी आणि माहिती अधिकार नंतर.

नोटीस पोचली की महापालिका जागी होईल. सभेत संपादनाचा ठराव करतील, कलेक्टरना पत्र पाठवतील आणि तुम्हाला सांगतील की पावलं उचलली. घाबरू नका. गिरनार ट्रेडर्सच्या २००७ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की नुसता ठराव किंवा कलेक्टरला पत्र म्हणजे पाऊल नाही, संपादनाची घोषणा व्हायला लागते. २०२५ मध्ये परत सुप्रीम कोर्टानं ३३ वर्षं पडून राहिलेल्या आरक्षणाच्या केसमध्ये १२७ ची मुदत काटेकोर पाळायची असते असं बजावलंय. मुदत संपली की आरक्षण व्यपगत झाल्याचा आदेश राजपत्रात शासनानं काढायचा असतो, तो बहुधा आपणहून निघत नाही, मग हायकोर्टात रिट याचिका. रिटला किती वेळ लागेल ते विचारू नका, माझी २०२२ सालची एक अजून बोर्डावर आहे.

आता तुमचे तीन प्रश्न. हरकत द्या, मुदतीत द्या, सुनावणीला जा, पण तीत "मोबदला मिळाल्यास आरक्षणास हरकत नाही" असलं वाक्य लिहू नका, पुढं तेच तुमच्यासमोर नाचवतील. टीडीआर वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, भाव बरा असेल तर कित्येकांना तोच परवडतो, ते तुमच्याकडच्या दोन बिल्डरांना विचारा, मी सांगू शकत नाही. फक्त तो घेतला की समझोता झाला, १२७ चा विषय संपला, हे समजून सही करा, आणि डीआरसी (टीडीआरचं प्रमाणपत्र) हातात पडायच्या आधी आगाऊ ताब्याच्या कागदावर सही अजिबात नको. शेड टाकू नका. विनापरवाना बांधकामाची नोटीस आली की तुमची अर्धी ताकद ते शेड वाचवण्यात जाईल.

आवकच्या शिक्क्याची प्रत मिळाली की स्कॅन करून पाठवा, तारीख माझ्याकडेही लिहून ठेवतो.