जानेवारीत धुपदाळला पहाटे होडीतून पक्षी बघायला जाणं झेपेल का?

तुम्ही विचारलंय की निपाणीहून जानेवारीत गोकाकजवळ धुपदाळला घटप्रभा पक्षी अभयारण्यात जायचंय, बरोबर सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत, तर होडीतली थंडी झेपेल का आणि एवढ्या पहाटे उठून जाण्यासारखं आहे का. मी बेळगावची, तीन हिवाळे तिकडे जाऊन आलेय, म्हणून सांगते, जा, नक्की जा. फक्त सकाळी दहाला पोचणार असाल तर होडीचा खटाटोप करू नका.

कारण असं की तिथं बघायचा तो कांड्या करकोचा. मंगोलिया, कझाकस्तान अशा लांबच्या मुलखातून हिमालय ओलांडून येतो तो, जगातल्या क्रौंच पक्ष्यांत सगळ्यात लहान हाच, तरी उभा राहिला की तुमच्या पोराच्या खांद्याला लागेल एवढा. रात्री हे पक्षी उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कोल्हा कुत्रा आला तर पाण्याचा आवाज होतो म्हणून, आणि उजाडलं की थव्याने उठून शेतात चरायला जातात ते दुपारी पाण्याला परत येतात. म्हणजे दहा वाजता होडीत बसलात तर पाणकावळे आणि बगळे दिसतील, तेही छानच आहेत, पण ज्याच्यासाठी स्वेटर चढवून एवढ्या लांब आलात तो हरभऱ्याच्या रानात असणार.

आता थंडीचं. आपल्याकडे जानेवारीत पहाटे 12-13 अंश असतं, ते बेळगावकराला काही नवीन नाही, पण होडीत हालचाल नसते आणि पाण्यावर वारा अडवायला काहीच नसतं, तिथं खरी हुडहुडी भरते. पाणी मात्र हवेपेक्षा गरम असतं त्या वेळी, म्हणून तर सगळ्या पाण्यावर वाफ धरलेली असते, मी पहिल्यांदा हात घातला तर चक्क ऊब लागली. गारठतात ते पाय, कारण होडीच्या तळाला थोडं पाणी असतंच. तेव्हा पोराला मोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून मग बूट घाला, बसायला खाली दुमडलेलं पोतं घ्या, कानटोपी पाहिजेच, आणि लाईफ जॅकेट स्वेटरच्या वरून घालून पट्टे ओढून बघा, आतून घातलं तर काही उपयोगाचं नाही. चहाचा थर्मास, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या, पण खायचं ते काठावर परत आल्यावर.

होडी मिळेलच असं धरून निघू नका हं. हे 1974 पासूनचं अभयारण्य आहे, जवळपास 30 चौरस किलोमीटर पसरलेलं, आदल्या दिवशीच वन खात्याच्या ऑफिसात विचारून परवानगी घ्या, आणि नाही म्हणाले तर हट्ट करू नका, धुपदाळच्या जुन्या बंधाऱ्याच्या बाजूने काठावरूनही बरंच दिसतं. सासूबाईंना तर मी काठावरच बसवेन, घोंगडी पांघरून. गुडघे दुखत असतील तर होडीत चढणं उतरणं नको वाटतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायचीय. पहिल्या वर्षी आम्ही चौघं होतो, आमच्या होडीवाल्या अण्णांनी बांबूने रेटत रेटत गाळाच्या पट्ट्यापासून लांबच होडी थांबवली आणि म्हणाले, सुम्न कुंद्रि, गप्प बसा. धुक्यात राखाडी काहीतरी रांगेने उभं होतं आणि क्रुर्र क्रुर्र असा आवाज सगळ्या पाण्यावरून येत होता, पण आम्हाला फोटो पाहिजे होता, मीच म्हटलं की अण्णा थोडं पुढं घ्या की, थोडं अजून, आणि तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा अख्खा थवा एकदम उठला. शेदोनशे तरी असतील. दिसायला ते फार सुंदर दिसलं, खोटं कशाला बोलू, पण अण्णा एकच म्हणाले, अजून त्यांची वेळ झाली नव्हती. एवढा पल्ला उडून आलेली पाखरं, त्यांची पहाटेची झोप मी एका फोटोसाठी मोडली, हे मला अजून लागतं. पुढच्या वर्षी भाच्याला घेऊन गेले, सात वर्षांचा तो, लांबच थांबलो, अर्धा तास कोणी बोललं नाही, आणि सूर्य वर आला तसे ते आपले आपण पाच पाच दहा दहा करून उठून गेले, काही तर आमच्या डोक्यावरून. भाच्यानेच ओळखलं, मान सरळ ताणून उडतो तो करकोचा आणि मान दुमडून उडतो तो बगळा. तुमच्या मुलालाही एवढं आधी सांगून ठेवा, त्याचा वेळ मजेत जाईल.

दुर्बीण कोणाकडून तरी मागून आणा. चित्रबलाक, शराटी, नदी सुरय, पाण्यावर एका जागी फडफडत थांबणारा कवड्या खंड्या, हे सगळे मग नीट दिसतात. गोकाकचा धबधबा जवळच आहे पण जानेवारीत त्याला पाणी फार कमी असतं, तो पावसाळ्यासाठी ठेवा, गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक आणि सुक्या मेव्याची मिठाई, तेवढं घ्या.

परत जाताना हुक्केरीवरून जाल ना, तर ऊस संपून जिथं हरभऱ्याची किंवा काढलेल्या शेंगांची मोकळी रानं लागतील तिथं गाडी सावकाश घ्या. उंच उसात हे पक्षी उतरत नाहीत, त्यांना मोकळं रान लागतं. पहाटे डोक्यावरून गेलेलेच कदाचित तिथं चरताना दिसतील. गाडीतून उतरू नका, काच खाली करून बघा, सासूबाईंनाही तिथं आरामात बघता येतील.