डेंग्यूच्या व्हायरसकडे जेमतेम दहा प्रोटीन, मग तो आपल्या पेशीचं सिग्नलिंग कसं बंद पाडतो?

तुम्ही विचारलंय की डेंग्यूच्या व्हायरसचा आरएनए साधारण ११,००० अक्षरांचा, प्रोटीन फक्त दहा, आणि आपल्या पेशीत हजारो, तरी तो जिंकतो कसा. पीएचडीला माझं काम याच्यावरच होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेशीत व्हायरस घुसला की ती इंटरफेरॉन सोडते, म्हणजे शेजारपाजारच्यांना हाकच मारते. ते शेजारच्या पेशीच्या रिसेप्टरला चिकटलं की आतल्या बाजूला जॅक१ आणि टिक२ ही एन्झाइम स्टॅट१ आणि स्टॅट२ या निरोप पोचवणाऱ्या प्रोटीनना फॉस्फेट लावतात, मग ही जोडी आयआरएफ९ नावाच्या तिसऱ्या प्रोटीनला घेऊन न्यूक्लियसमध्ये जाते आणि शेकडो अँटिव्हायरल जीन चालू होतात. आता व्हायरसला ही जीन एकेक करून बंद करत बसायची गरजच नाही, सगळ्यांचा रस्ता स्टॅट२वरून जातो, तेवढा उडवला की झालं.

हे करतं एनएस५, व्हायरसच्या त्या दहातलंच एक प्रोटीन. त्याचं मूळ काम व्हायरसच्या आरएनएच्या कॉप्या काढायचं, पण ते स्टॅट२ला पण धरतं आणि आपल्याच पेशीचं यूबीआर४, म्हणजे प्रोटीनवर तोडायची खूण लावायला मदत करणारं प्रोटीन, त्याच्याजवळ आणतं, मग स्टॅट२ची रवानगी थेट प्रोटिएसोमकडे, म्हणजे नकोशी प्रोटीन तोडणारं पेशीचं स्वतःचं मशीन.

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे पेशीतली प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी करून हवं ते पट्ट्यासारखं (बँड) दाखवणाऱ्या चाचणीत, हे पहिल्यांदा बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. साध्या पेशींच्या लेनमध्ये ११३ किलोडाल्टनच्या आसपास स्टॅट२चा ठसठशीत बँड, आणि शेजारच्या डेंग्यूवाल्या लेनमध्ये जवळजवळ काहीच नाही! स्टॅट१ मात्र दोन्हीकडे होता. एमजी१३२ टाकून प्रोटिएसोम थांबवला तर गेलेला बँड परत आला.

आणि एनएस५ला उंदराचा स्टॅट२ धरता येत नाही. व्हायरसचं एनएस२बी३ प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम, माणसाचं स्टिंग (इंटरफेरॉन सोडायला लावणारं पेशीतलं प्रोटीन) कापतं, उंदराचं तेही नाही. त्यामुळे लॅबच्या साध्या उंदराला डेंग्यू नीट होतच नाही, इंटरफेरॉनचे रिसेप्टर काढून टाकलेले एजी१२९ उंदीर वापरावे लागतात, आणि मला हे फार खटकतं कारण ज्या सिग्नलिंगवर सगळी लढाई चाललीय तेच त्या उंदरात नसतं.

झिकाचं एनएस५पण स्टॅट२ संपवतं बरं का, पण त्याला यूबीआर४ लागत नाही, त्यामुळे उद्या यूबीआर४ अडवणारं औषध डेंग्यूवर सापडलं तरी ते झिकाला चालेल असं धरून चालू नका.