वाचकांचे प्रश्न : व्हर्च्युअल मशीनचे घड्याळ मागे का पडते?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सेंटओएस ५ या लिनक्स प्रणालीवरचा (३२ बिट) सर्व्हर गेल्या महिन्यात व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे दुसऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, हलवला. कामाच्या वेळेत घड्याळ तासाला सव्वा मिनिट मागे पडते, रात्री ठीक असते. एका परिचिताच्या सल्ल्यावरून ग्रबमध्ये (प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) क्लॉकसोर्स, म्हणजे वेळ मोजण्याचा आधार, ‘पिट’ (ठरावीक ठोके देणारा टायमर) केला आहे. दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून) एनटीपीडेट, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम, चालवतो, पण पावत्यांच्या वेळा उड्या मारतात. बॅटरी बदलू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : बदलायला आत बॅटरी आहेच कुठे! आणि दोष तुमच्या परिचितांच्या सल्ल्यात आहे.

शाळेत शिपाई टोल देतो आणि पोरगा ते मोजून वेळ सांगतो. पोराला मध्येच वर्गाबाहेर पाठवले, तर तेवढे टोल हुकणारच. तुमचा कर्नल (प्रणालीचा गाभा) तसेच टायमरचे सेकंदाला १००० टोल मोजतो. दिवसा होस्टवरची (तुमचे मशीन ज्या खऱ्या संगणकात चालते त्यावरची) बाकीची मशीन्स राबत असतात, तेव्हा तुमच्या मशीनला प्रोसेसर वेळेवर मिळत नाही. तासाला ७५ सेकंद म्हणजे हजारात साधारण २१ टोल बुडतात. खऱ्या यंत्रावर हा हिशेब बरोबर जमायचा, कारण तिथे पोराला कुणी बाहेर पाठवत नसे.

ग्रबच्या कर्नल ओळीत ‘पिट’ काढून ‘एसीपीआय_पीएम’ लिहा आणि शेवटी ‘डिव्हायडर=१०’ जोडा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). डिव्हायडरमुळे टोल १००० वरून १०० वर येतात, होस्टचाही भार हलका होतो. एसीपीआय_पीएम म्हणजेच पीएम टायमर मात्र टोल देत नाही, तो नुसता पुढे पळणारा आकडा आहे. कर्नल जागा झाला की आकडा वाचून किती वेळ गेला ते काढतो. गंमत म्हणजे पिटची १.१९३१८२ मेगाहर्ट्झ ही गती पीएम टायमरच्या ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या बरोबर एक तृतीयांश. दोन्ही आकड्यांचे मूळ अमेरिकेतल्या जुन्या रंगीत टीव्हीत! पीएम टायमरला एक खोट आहे. तो २४ बिटांचा असेल तर साधारण ४.७ सेकंदांत शून्यावर येतो, म्हणून मशीन त्याहून जास्त वेळ अडकले तर अशा पूर्ण फेऱ्यांचा वेळ हरवतो. तसे रोज होऊ लागले तर होस्टवरची गर्दीच कमी करा.

२००८ साली मी एका ६४ बिट सर्व्हरवर याच्या उलट गोंधळ घातला होता. हुकलेले टोल होस्ट उशिरा का होईना भरून देत होता, आणि गेस्टचा (आतल्या व्हर्च्युअल मशीनचा) कर्नलही आपल्या अंदाजाने तेच भरत होता. घड्याळ पुढे धावू लागले. मी हुशारी करून एनटीपीडेटने ते मागे ओढले, तर पावती क्रमांक २१२ ची वेळ २११ च्या आधीची! ऑडिटरना ते समजावताना मला घाम फुटला होता.

सेंटओएस ५ ला २०१७ पासून सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. पैसे हाताळणाऱ्या संस्थेने तो किती दिवस वापरायचा? नवी प्रणाली घ्याल आणि होस्टवर केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन्स चालवणारी लिनक्सची सोय) असेल, तर क्लॉकसोर्स ‘केव्हीएम-क्लॉक’ दिसायला हवा. त्यात होस्ट वेळेचा हिशेब सामाईक मेमरीत लिहून ठेवतो आणि गेस्ट तो वाचतो.

दुरुस्तीनंतर तासाभराचा क्रॉन काढून टाका आणि दोन दिवस फरक वहीत लिहा. दिवसाला ४३ सेकंदांच्या आत आला, तर एनटीपीडी (सतत चालून घड्याळ जुळवत राहणारा प्रोग्रॅम) उडी न मारता हळूहळू सावरून घेईल.