ग्रेट लेक्सवरचं जुनं दीपगृह दीपगृहप्रेमींच्या क्लबला फुकट मिळतं का?

मिळतं, पण खर्च सुटत नाही. अमेरिकेच्या 2000 सालच्या दीपगृह जतन कायद्यानुसार कोस्ट गार्डला नको झालेलं दीपगृह आधी सरकारी विभाग आणि ना-नफा संस्थांना विनामूल्य देऊ करतात. सूचना निघाल्यावर 60 दिवसांत स्वारस्यपत्र द्यायचं. मग पाहणी, मग अर्ज: डागडुजी कशी, पैसा कुठून, लोकांना बघायला कसं खुलं ठेवणार. अर्ज राष्ट्रीय उद्यान सेवा तपासते. कुणी पात्र ठरलं नाही तर लिलाव. दिवा चालू असेल तर त्याची देखभाल कोस्ट गार्डकडेच राहते. दीपगृह पाण्यात उभं असेल तर तळाची जमीन राज्याची, म्हणजे आणखी एक करार.

हौशी मंडळी हमखास चुकतात ती विटांच्या मनोऱ्यावर. सांध्यांत सिमेंट भरतात. जुनी वीट मऊ, सिमेंट कडक. ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, विटेतच गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. सांधा शाबूत, वीट गेली! सांधा त्याच्या रुंदीच्या दोन-अडीच पट खोल कोरा, शक्यतो हातानं, आणि तो चुन्यानंच भरा. भरल्यावर काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. हे काम उन्हाळ्यातच उरका, कोवळ्या चुन्याला थंडी सोसत नाही.