जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातली पहिली ब्रुनहिल्डे, म्हणजे या नायिकेची भूमिका पहिल्यांदा गाणारी गायिका, आमालिए माटेर्नाच का?

‘रिंग’ या वाग्नरच्या चार ऑपेरांच्या संपूर्ण चक्रापुरतं विचारत असाल तर हो, पहिली ब्रुनहिल्डे माटेर्नाच. पण या चार ऑपेरांतल्या ‘वाल्क्यूरे’चा पहिला प्रयोग म्युनिकला 26 जून 1870 रोजी झाला होता आणि त्यात ही भूमिका सोफी श्टेलेने गायली होती. त्यामुळे ‘पहिली’ म्हणताना तेवढी पुस्ती जोडावीच लागते. ऑगस्ट 1876 मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला चारही ऑपेरा सलग झाले, तेव्हा ब्रुनहिल्डे माटेर्नाची होती. ‘झिगफ्रीड’ आणि ‘ग्योटरडेमरुंग’ हे दोन्ही तिथेच पहिल्यांदा रंगमंचावर आले, म्हणून त्या दोहोंतली पहिली ब्रुनहिल्डे निर्विवादपणे तीच.

मूळची ती ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्कची, जन्म 1844 चा. सुरुवात ग्राट्सच्या रंगभूमीवर, मग व्हिएन्नात ऑपेरेटा. म्हणजे हलकंफुलकं गाणारी बाई! 1869 मध्ये ती व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात गेली आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिथेच राहिली. ऑर्केस्ट्राच्या गदारोळावरून प्रेक्षकांपर्यंत पोचणारा दमदार आवाज वाग्नरला हवा होता, तो तिच्याकडे होता. 26 जुलै 1882 ला वाग्नरच्याच ‘पार्सिफाल’ ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात कुंड्रीची भूमिकाही तिनेच गायली. त्या उन्हाळ्यात ही भूमिका मारियाने ब्रांट आणि तेरेझे माल्टेन यांनीही आळीपाळीने केली, म्हणून कधीकधी नावांची गल्लत होते. 1885 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्येही तिने ब्रुनहिल्डे गायली.