पाकात कचरा असला तर खडीसाखर लवकर जमते का जमतच नाही?

तुम्ही विचारलंय की खडीसाखर करताना पाकात धूळ-कचरा राहिला तर खडे लवकर धरतात असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो अशुद्धीनं दाणा वाढतच नाही, तर खरं काय. दोघंबी खरं बोलायलेत. न विरघळलेला कण, सूत, भांड्यावरचा ओरखडा, ह्यांच्या आधारानं दाणा धरायला सोपं जातं. विरघळलेली घाण मात्र धरलेल्या दाण्याच्या अंगाला चिकटते अन् पुढची साखर बसू देत नाही. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते त्यासाठीच, थोडी साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि पाक साखरत नाही.

पण सगळ्या अशुद्धीला एकाच मापानं मोजणाऱ्यांचा मला लई राग आहे. बीएस्सी करून मी लातूरकडच्या एका साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे पाक आटवून दाणा धरायच्या मोठ्या भांड्यावर, हेल्पर होतो. तिथं धुळीवर दाणा धरायची वाट कोणी बघत नाही, साखर स्पिरिटमध्ये दळून स्लरी करतात आणि पाक नेमका घट्ट झाला की पॅनमध्ये ओढतात. जास्त घट्ट झाला तर नको तो बारीक दाणा सुटतो, मग पाणी मारून विरघळवत बसा. आमचे पॅनमन (पॅन चालवणारे) मामा प्रूफस्टिकनं, म्हणजे नमुना काढायच्या सळईनं, पॅनमधला थेंब काढून काचेवर पसरायचे, बल्बपुढं धरायचे आणि नुस्तं बघून वाफ कमी-जास्त करायला सांगायचे.

एका हंगामात मिल बिघडली, यार्डात ऊस तटला, त्यात जळका ऊसही होता. मिल चालू झाल्यावर काचेवर दाणा लांबट दिसायला लागला, सुईदाणाच. सेंट्रीफ्यूगलमध्ये (दाणा अन् मळी वेगळी करणारं गरगर फिरणारं यंत्र) मळी नीट सुटेना. साहेब म्हणाले मामांनी पॅन घाईत मारला, रसाची प्युरिटी (विरघळलेल्या मालात साखर किती ते) चांगलीय, लॅबचा रिपोर्ट बघा.

अहो, गोम तिथंच होती. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखरेचं डेक्स्ट्रान म्हणजे चिकट डिंकासारखं द्रव्य करतात. ते दाण्याच्या काही बाजूंना चिकटून तिथली वाढ अडवतं, बाकीच्या बाजू वाढतच राहतात, म्हणून दाणा लांबतो. वर आणखी, प्रकाश किती फिरतो त्यावरनं साखर मोजणाऱ्या पोलारीमीटरमध्ये डेक्स्ट्रान साखरेच्या जवळपास तिप्पट प्रकाश फिरवतं (साखर ६६.५ अंश, हे २०० च्या आसपास), म्हणजे रस नासलेला असूनही पोल (त्या यंत्रावरचा साखरेचा आकडा) अन् तिच्यावरनं काढलेली प्युरिटी फुगून दिसू शकते. डेक्स्ट्रान स्पिरिटमध्ये विरघळत नाही, रस गढूळ होतो; म्हणून मी एकाच प्लॉटच्या ताज्या अन् यार्डातल्या उसाच्या रसात स्पिरिट घालून दोन टेस्ट ट्यूब नेल्या, ताज्याची जराशी धुरकट, यार्डातल्याची पार दुधाळ. साहेबांनी बघून बाजूला ठेवल्या. मेमो मामांनाच मिळाला. (स्टार्चनंबी गढूळ होतं, पक्की टेस्ट करताना तो आधी काढावा लागतो, माहिताय मला, उगं शिकवू नका. एका प्लॉटच्या उसात एवढा फरक स्टार्चनं पडतो का?)

तुम्ही पाक फडक्यातनं गाळा, झाकून ठेवा, हलवू नका, लिंबू नकोच. दोरा ओला करून साखरेत लोळवा, पूर्ण वाळू द्या, पाक गार झाल्यावरच सोडा, नाहीतर चिकटलेली साखर विरघळून जाते. तळाला थर धरला तर पाक जास्त घट्ट झालाय. दुकानातल्या साखरेत डेक्स्ट्रान नावालाच, त्यामुळं माझी रामकहाणी तुमच्या पातेल्याला लागू नाही. पण ओळखीत कोणी कारखान्यावर असेल अन् सुईदाणा आला, तर पॅनमनला मेमो द्यायच्या आधी यार्डातल्या गाड्यांच्या स्लिपा काढायला सांगा, तोड कुठल्या तारखेची आहे ते बघा म्हणावं.